पळणाऱ्या बाईचं ताट

२९ ऑक्टोबर २०२३, रविवार. आदल्या रात्री कोजागिरी होती, पण त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण आलं आणि आमच्या घरी वेध पाळले गेले. आटीव दूध झालं नाही, रात्रीचं जेवणही धड झालं नाही. पहाटे साडेचारला उठून मी पाणी प्यायले, अर्धं केळं खाल्लं आणि साताऱ्याच्या बोगद्यापाशी जमलेल्या आमच्या पळणाऱ्यांच्या गटाला जाऊन मिळाले. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीसाठी त्या दिवशी २८ किलोमीटर पळायचं होतं. यवतेश्वरचा घाट चढताना काही जाणवलं नाही. उतरताना, एकोणिसाव्या किलोमीटरच्या सुमाराला, डाव्या नडगीच्या आतल्या अंगाला, घोट्याच्या वर चार बोटांवर कळ आली. डोळे मिटून बोट ठेवता येईल इतकी नेमकी जागा. मी थांबले नाही. उरलेले नऊ किलोमीटर पळाले.

गटात त्या नऊ किलोमीटरचं फार कौतुक झालं. कुणीतरी पायाला पट्टी चिकटवून दिली. कुणी म्हणालं, मॅडम, नडगी सगळ्यांचीच दुखते, पळून पळूनच जाते. मला तेव्हा ते खरं वाटलं, कारण नडगी खरोखरच पुष्कळांची दुखते. पण ते दुखणं हाडाच्या कडेने वीतभर पसरलेलं असतं आणि पाय गरम झाला की बहुधा कमी होतं. माझं तसं नव्हतं. पुढच्या आठवड्यात शाळेचा जिना उतरताना दुखायला लागलं, मग फळ्यापाशी उभं राहिल्यावर, आणि शेवटी रात्री अंथरुणात.

मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. तेव्हा माझं वय ४२ होतं. पाच वर्षं पळत होते, साताऱ्याची डोंगरातली अर्धमॅरेथॉन तीनदा पुरी केली होती, आणि पूर्ण ४२.१९५ किलोमीटर एकदा तरी पळायचंच असं मनाशी ठरवलं होतं. दुखापत कशी झाली आणि परत कशी आले, एवढंच सांगायचं असतं तर ते मी गटातच सांगितलं असतं. वर्तमानपत्रात लिहिते आहे, कारण माझा पाय ज्या कारणाने मोडला त्याची कल्पना आमच्या गटातल्या एकाही बाईला नव्हती. मलाही नव्हती.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. ताणामुळे हाडाला पडलेली बारीक भेग सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, हे मला नंतर कळलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि या वयात पळायचं कशाला, असं विचारलं. मी गोळ्या घेऊन घरी आले. रात्रीचं दुखणं थांबेना, तेव्हा भावाने पुण्याला नेलं. तिथे एमआरआयमध्ये भेग दिसली.

पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी एमआरआयची फिल्म बाजूला ठेवली आणि पायाबद्दल न विचारता म्हणाल्या, "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंत, ते सांगा."

मी सांगितलं. सकाळी चहा, दोन बिस्किटं. शाळेत जाताना पोळीचा एक तुकडा, उभ्यानेच. मधल्या सुट्टीत डब्यातल्या दोन पोळ्या, भाजी. संध्याकाळी चहा. रात्री एक भाकरी, आमटी.

"पळायच्या दिवशी?"

"तेवढंच."

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"मे महिन्यात."

"नोव्हेंबर चालू आहे. तुम्हाला काय वाटलं?"

"चाळिशी उलटली, जात असेल, असं वाटलं."

त्यांनी माझं वजन केलं. ५१ किलो भरलं. दीड वर्षापूर्वी ते ५८ होतं. मग त्यांनी जे समजावलं ते मी आजवर किमान पन्नास बायकांना सांगितलं असेल, आणि इथेही सांगते. आपलं हाड दगडासारखं निर्जीव नसतं. पळताना त्यावर भार पडतो, सूक्ष्म झीज होते. शरीर आधी झिजलेला भाग काढून टाकतं आणि मग त्या जागी नवं हाड भरतं. काढणं लवकर होतं, भरायला वेळ लागतो, म्हणून सराव वाढवल्यावर काही आठवडे हाड उलट कमजोर असतं. या काळात पोटात पुरेसं अन्न गेलं, विश्रांती मिळाली, तर ते आधीपेक्षा मजबूत होतं. अन्न कमी पडलं की शरीर खर्चाला कात्री लावतं. आजचा दिवस निभावण्यापुरतं राखतं, बाकीचं थांबवतं. पहिल्यांदा थांबतं ते पाळीचं चक्र. पाळीबरोबर इस्ट्रोजेन खाली जातं, आणि बाईच्या हाडाची राखण करणारं मुख्य संप्रेरक तेच. माझी पाळी वयाने गेली नव्हती. ती उपासमारीने थांबली होती आणि हाड तिच्या मागोमाग गेलं.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव दिलं आणि त्यावर सविस्तर निवेदन काढलं. खेळाडूच्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेचा सापेक्ष तुटवडा, असा त्या नावाचा अर्थ. तो पुरुषांनाही होतो. अमेरिकेची धावपटू मेरी केन हिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की वजन कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. ती शाळेत असतानाच तिच्या देशातली सर्वांत वेगवान मुलगी म्हणून गाजली होती. तिच्यावर दबाव टाकणारे लोक होते. माझ्यावर कुणीच दबाव टाकला नव्हता, आणि तरीही मी त्याच जागी पोहोचले. ते कसं घडलं याचा मी फार विचार केला.

आधी हिशेब. माणूस एक किलोमीटर पळाला, की वजनाच्या दर किलोमागे ढोबळमानाने एक किलोकॅलरी जळते. मी ५५ किलोची होते असं धरलं तरी २८ किलोमीटरला १५४० किलोकॅलरी झाल्या. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे २०० किलोकॅलरी देते. म्हणजे त्या एका सकाळी मी सात-आठ भाकऱ्यांएवढी ऊर्जा खर्च केली होती, आणि त्या दिवशी नेहमीच्या जेवणात एकही भाकरी वाढवली नव्हती. दहावीच्या मुलांना मी नफा-तोट्याची गणितं शिकवते. हे गणित मला स्वतःसाठी कधी मांडावंसं वाटलं नाही.

मग दिनदर्शिका. २०२३ ला अधिक श्रावण होता. मी दोन्ही श्रावणांतले सोमवार धरले, एकूण आठ. आमची मोठी दौड रविवारी असते. म्हणजे आठ आठवडे, ज्या दिवशी शरीराला दुरुस्तीसाठी सर्वांत जास्त अन्न हवं होतं, नेमक्या त्या दिवशी मी त्याला साबुदाण्याची खिचडी आणि चहावर ठेवलं. साबुदाण्यात पिष्ट भरपूर असतं, प्रथिनं आणि कॅल्शियम नावापुरतंच. त्याच्यापुढे नवरात्राचे नऊ दिवस. त्यातही मी पळत होते, देवीच्या दिवसांत अंगात बळ येतं अशा भावनेने. मग कोजागिरी आणि ग्रहण. जानेवारीत मॅरेथॉन पळायची तर सरावाचे किलोमीटर ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत वाढवावे लागतात. महाराष्ट्रात बायकांचे उपासही याच तीन महिन्यांत सर्वाधिक असतात. ही दोन वेळापत्रकं एकमेकांवर ठेवून पाहिल्याचं मी अजून कुठे वाचलेलं नाही.

उपास सोडा, असं मी म्हणत नाही. मी स्वतः सोडलेले नाहीत. म्हणणं एवढंच, की पळणाऱ्या बाईने उपास आणि लांब दौड एकाला एक लागून ठेवू नये, आणि जी माणसं तिला सरावाचा तक्ता आखून देतात त्यांनी तिला हे विचारावं.

तिसरी गोष्ट सांगायला जड जाते. वजन उतरायला लागलं तेव्हा मला आनंद झाला होता. पहिले काही महिने वेगही वाढला. बारीक झालीस, छान दिसतेस, असं शिक्षकखोलीत म्हणायचे, लग्नांत म्हणायचे. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कुणी तरी माझ्या शरीराबद्दल चांगलं बोलत होतं. ५८ वरून ५१ वर येताना कुणीही, अगदी कुणीही, तू जेवतेस का, असं विचारलं नाही. घरात शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात किती पडतं ते घरातलं कुणी बघत नाही, आणि ती पळायला लागली तरी बघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. साताऱ्यात पहाटे पोवई नाक्यावरून ट्रॅकसूट घालून जाणाऱ्या बायका त्यांच्यात नसतील, असं समजायचं काही कारण नाही.

माझा पाय डॉक्टरांनी दिलेल्या आधाराच्या बुटात अडकला होता तेव्हा गटातल्या एकाने मला जोन बेनॉइटची गोष्ट पाठवली. ती खरी आहे आणि मोठी आहे. १९८४ मध्ये ऑलिंपिकच्या निवड शर्यतीला सतरा दिवस उरले असताना तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. तिने निवड शर्यत जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजलिसला स्त्रियांची पहिलीवहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही जिंकली. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण गुडघ्यातला अडथळा दुर्बिणीतून दूर करणं वेगळं आणि हाडाची भेग वेगळी. ती जिद्दीने भरत नाही. ती भरायला दिवस लागतात आणि भाकरी लागते. आमच्या गटांमध्ये अशाच गोष्टी फिरतात, दुखत असताना पळालेल्यांच्या. वेळेवर थांबलेल्या माणसाची गोष्ट कुणी पाठवत नाही. थांबलेली माणसं गटातून हळूच गळतात, त्यांचे निरोप बंद होतात, आणि मग ती पळायची सोडून गेली असं ठरतं. आमच्या गटातल्या अशा तीन बायका मला आठवतात. दोघींना नडगीचं दुखणं होतं, एकीला पाऊल. त्यांच्या ताटाची चौकशी तेव्हा मीही केली नव्हती, याचं मला वाईट वाटतं.

परत येणं फार संथ होतं. सहा आठवडे बूट. त्या काळात तरण तलावात कमरेएवढ्या पाण्यात चालायचे. २१ जानेवारी २०२४ ला आमचा गट मुंबईत पळत होता आणि मी घरी दूरचित्रवाणीसमोर बसले होते. सागरी सेतूवरून पळणारी माणसं दिसली तेव्हा उठून स्वयंपाकघरात गेले. मग नुसतं चालणं, सपाटीवर, पाऊण तास न दुखता जमेपर्यंत. एका पायावर उभं राहून टाच उचलायची, वीस-पंचवीस वेळा. १८ फेब्रुवारीला शाहू स्टेडियमच्या मातीवर पहिल्यांदा पळाले. एक मिनिट पळायचं, चार मिनिटं चालायचं, असं पाच वेळा. पाच मिनिटांचं ते पळणं संपलं तेव्हा मी नडगी दाबून दाबून पाहत होते. दुखत नव्हती. दुसऱ्या दिवशी सुट्टी, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. अंतर, वेग आणि चढ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, पावलं छोटी टाकायची. घाट तर सहा महिने बघायचाही नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. यवतेश्वरचा डोंगर घराच्या खिडकीतून दिसतो. सहा महिने तो रोज दिसत होता.

पण या सगळ्याआधी ताट बदललं, आणि ते माझ्या सासूबाईंनी बदललं. त्या कोरेगाव तालुक्यातल्या, वय ७६, शाळा चौथीपर्यंत. पुण्याहून आल्यावर मी त्यांना घाबरत घाबरत सांगितलं, "आई, डॉक्टरांनी काही दिवस उपास करू नको म्हणून सांगितलंय." त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, बाळंतिणीला कुठं उपास असतो? हाड भरंस्तवर तू बाळंतीणच की." आणि दुसऱ्या दिवशी डिंक, खारीक, खोबरं, अळीव काढून बसल्या. मुलाच्या जन्मानंतर त्यांनी मला सव्वा महिना जे खाऊ घातलं होतं तेच पुन्हा सुरू झालं. सकाळी चालून, नंतर पळून आलं की नाचणीची आंबील किंवा दुधातली खीर, ओट्याशी उभं राहून नाही, खाली पाटावर बसून. जेवणात रोज डाळ आणि एक अंडं. रात्री दोन भाकऱ्या, तिळाची चटणी, ताक.

त्यांच्याकडे पाहताना माझ्या लक्षात आलं, की आपल्या घरांना हे ज्ञान नाही असं नाही. बाईच्या हाडाला काय लागतं हे आपल्या आज्यांना चांगलं माहीत आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि प्रौढ माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतं, हे आकडे मी नंतर वाचले. आंबील त्याआधीच माझ्यापुढे आली होती. फक्त ते ज्ञान आपण बाळंतपणासाठी राखून ठेवलं आहे. बाई स्वतःच्या हौसेने, स्वतःसाठी काही कष्ट करत असेल तर तिला डिंकाचे लाडू कुणी वळून देत नाही. पळून आलेल्या पुरुषाला घरात अंडी उकडून मिळतात. पळून आलेली बाई डब्यांना लागते.

मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेचं पर्यवेक्षण चालू असताना, दहा महिन्यांनी मला पाळी आली. भूमितीचा पेपर होता. सुटल्यावर मी पुण्याला फोन केला आणि मॅडमना सांगताना रडले. वजन तोवर ५६ झालं होतं. व्हिटॅमिन डी रक्तात फार कमी निघालं होतं, त्याचीही औषधं चालू होती. पहाटे अंधारात पळून सूर्य वर यायच्या आत घरात शिरणाऱ्या आणि दिवसभर वर्गात असणाऱ्या माणसाला ऊन लागतं कुठे, हेही मी आधी कधी मनात आणलं नव्हतं.

आता मुलींबद्दल. याच्यासाठी मी मुख्यतः हे लिहायला बसले. आमच्या जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. १९८४ च्या पी. टी. उषांनंतर ३२ वर्षांनी भारतीय धावपटू ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचली होती. आमच्या भागात पळणाऱ्या मुली त्यानंतर वाढल्या आणि मला त्याचा अभिमान आहे. आमच्या शाळेतली एक मुलगी १५०० मीटर पळते. गेल्या वर्षी, नववीत असताना, जिल्हा स्पर्धेच्या आधी ती लंगडताना दिसली. मी तिला बाजूला घेऊन नडगीवर बोट फिरवलं. एका जागी ती दचकली. सकाळी काय खाऊन आलीस विचारलं, तर चहा आणि खारी. पाळी येते का, तर दिवाळीपासून नाही. "बरंच आहे की बाई, पळताना त्रास नाही," असं ती म्हणाली. तिच्या वयाला तिला दुसरं काय वाटणार? क्रीडाशिक्षक सरांना तिने ते सांगितलं नव्हतं, सरांनी विचारलं नव्हतं. स्पर्धेला ती गेली नाही. माझ्यावर काही दिवस रुसली.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. नववीत गेलं की खिचडी बंद. मुलींची हाडं भरायची हीच तर वर्षं. आयुष्यभर पुरायचा हाडांचा साठा अठराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पुरा होतो, नंतर तो सांभाळायचा असतो. नेमक्या याच वर्षांत शाळेतलं ताट थांबतं आणि मैदानावरचा सराव वाढतो. पोषण आहार दहावीपर्यंत न्यावा, निदान जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलींना तरी सरावानंतर अंडं, दूध, शेंगदाण्याचा लाडू शाळेतच मिळावा, ही माझी शासनाकडे मागणी आहे. क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात मुलींच्या पाळीचा विषय असावा. दोन-तीन महिने पाळी चुकली तर तो डॉक्टरकडे जायचा निरोप आहे, हे प्रत्येक सरांना आणि प्रत्येक आईला माहीत असावं. आणि रनिंग ग्रुप चालवणाऱ्या मित्रांनो, तुमच्या तक्त्यात अंतर आणि वेग यांच्याशेजारी एक रकाना जेवणाचा घाला. दुखावलेल्या माणसाला तुमच्या रविवारात जागा द्या. त्याला पाणी वाटू दे, चालू दे, पण यायला लावा. मी परतले ती मुख्यतः यामुळे, की गटातली एक मैत्रीण तिची मोठी दौड सोडून सहा रविवार माझ्याबरोबर मातीवर एक मिनिट पळत आणि चार मिनिटं चालत होती.

परवा मी २४ किलोमीटर केले, यवतेश्वर चढून, कासच्या रस्त्याला वळून परत. निघण्याआधी पोळी आणि गूळ-शेंगदाणे खाल्ले. चढावर दोनदा चालले. उतारावर एकोणिसावा किलोमीटर आला तेव्हा सवयीने पायाकडे लक्ष गेलं. येत्या जानेवारीसाठी नाव नोंदवलं आहे.

सोमवारी शाळेत लाडवांचा डबा घेऊन जाते. सासूबाई हल्ली घरासाठी वेगळे आणि शाळेसाठी वेगळे वळतात. मधल्या सुट्टीत ती मुलगी येते, आता दहावीत आहे, तिच्याबरोबर रिलेच्या आणखी तिघी असतात. डबा त्या पाच मिनिटांत संपवतात आणि पुढच्या वेळी जास्त आणा म्हणतात.